ओपनडब्ल्यूआरटी बदलून मोटार कंट्रोलर विकायलोत, गिऱ्हाईक सोर्स मागतंय. नेमकं काय द्यावं लागतं?

वाळूज_बोर्ड

नमस्कार. विहीर-बोअरच्या मोटारीचा कंट्रोलर बनवतो. डबीत एमटी७६२८ चा राउटर बोर्ड (१६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम), ४जी मॉडेम, रिले बोर्ड आणि मॉडबसवर (यंत्रांच्या आपसातल्या बोलण्याची पद्धत) तिन्ही फेजचं व्होल्टेज-करंट सांगणारं मीटर आहे. रात्री थ्री फेज लाइट आली की मोटार चालू, एक फेज गेला की बंद, आणि मालकाच्या मोबाइलवर निरोप. जालना, बीड, लातूर भागात दोनशेच्या आसपास डब्या गेल्यात.

आत काय आहे ते सांगतो:

ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त लिनक्स) घेऊन कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जीपीआयओ ड्रायव्हरमध्ये (रिलेसारख्या पिना हलवणारा भाग) दोन-चार ओळी बदलल्या, आपली डीटीएस फाइल (बोर्डवर काय कुठं जोडलंय त्याचं वर्णन) घातली. बिझीबॉक्सच्या (छोट्या कमांडांचा संच) एनटीपीमध्ये, म्हणजे नेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या भागात, छोटा बदल आहे. सोयीसाठी बॅश (कमांड शेल) आणि नॅनो (एडिटर) टाकलंय. आमचा स्वतःचा प्रोग्राम सी मध्ये आहे, त्यात मॉडबसची लायब्ररी लिबमॉडबस स्टॅटिक (आपल्याच बायनरीत मिसळून) जोडलंय आणि डीबग कन्सोलसाठी रीडलाइन (कमांड टाइप करायची लायब्ररी). बूटलोडर (चालू होताच लिनक्स उठवणारा प्रोग्राम) बोर्डवाल्यानं दिला तसाच आहे. स्क्रीनवर मराठी फॉन्ट, आणि सर्व्हरवर ग्राफाना (आलेख दाखवणारा डॅशबोर्ड), त्यात लोगो आणि काही लेबलं आम्ही कोडमध्येच बदललीत.

आता औशाच्या एका गिऱ्हाइकाच्या मुलानं ईमेल केलाय: जीपीएलप्रमाणे (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) सोर्स द्या. आमचे मालक म्हणायलेत, ओपनडब्ल्यूआरटीच्या गिटहबची लिंक पाठवून मोकळे व्हा. तेवढ्यानं भागतं का? आमचा स्वतःचा प्रोग्रामही द्यावा लागतो का? आणि उद्या त्यानं फर्मवेअर बदलून मोटार जाळली तर?

गोदाकाठ_कर्नल

लिंकनं भागत नाही. ती लिंक ओपनडब्ल्यूआरटीच्या सोर्सची आहे, तुमच्या डबीतल्या बायनरीची नाही. परवाना मागतो तो त्या डबीत प्रत्यक्ष गेलेल्या बायनरीचा सोर्स.

लिनक्स कर्नल आणि बिझीबॉक्स दोन्ही फक्त जीपीएल आवृत्ती २ खाली आहेत (हा परवाना १९९१ चा). त्याच्या तिसऱ्या कलमात वाटा तीनच. एक, बायनरीसोबत पूर्ण सोर्स द्या. दोन, किमान तीन वर्षं चालेल असं लेखी वचन द्या, की मागेल त्या कोणालाही सोर्स मिळेल आणि पैसे फक्त नक्कल करून पाठवण्याच्या खर्चाइतकेच घेऊ. तीन, आपल्याला मिळालेलं वचन पुढे द्या; पण ही वाट विनाव्यापारी वाटपापुरती, तुम्हाला बंद. "मागेल त्या कोणालाही" हे नीट वाचा. दुसरी वाट धरली तर डबी विकत न घेतलेला माणूसही सोर्स मागू शकतो. पहिली वाट धरली, म्हणजे डबीतच पेन ड्राइव्ह टाकला, तर तो प्रश्न उरत नाही. दोनशे डब्यांना पेन ड्राइव्ह महाग पडत असेल तर कागद टाका. मजकूर साधा ठेवा:

"या उपकरणातील काही सॉफ्टवेअर जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स, आवृत्ती २ खाली आहे. त्याचा संपूर्ण सोर्स कोड, हे उपकरण आम्ही दिल्यापासून किमान तीन वर्षं, मागेल त्या कोणालाही पेन ड्राइव्हवर देऊ. पेन ड्राइव्ह आणि टपाल यांचा प्रत्यक्ष खर्च तेवढा घेऊ. मागताना फर्मवेअरची आवृत्ती कळवा." खाली पोस्टाचा पत्ता आणि ईमेल. परवान्याचा मूळ इंग्रजी मजकूरही सोबत द्यावा लागतो. मराठी समजावणी वेगळी जोडा, पण ती मुळाची जागा घेत नाही.

मोबाइल डेटावरून अपडेट पाठवत असाल तर तिथला नियम वेगळा आणि सोपा आहे: ज्या जागेवरून सिसअपग्रेडची (नव्या फर्मवेअरची) फाइल उतरते त्याच जागी सोर्सचं गाठोडंही तितक्याच सहज मिळेल असं ठेवा.

आता "पूर्ण सोर्स" म्हणजे काय. परवान्यातच लिहिलंय की बायनरी बनवायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्टही त्यात येतात. ओपनडब्ल्यूआरटीपुरतं सांगतो. बिन फोल्डरमध्ये टार्गेटखाली कॉन्फिग, फीड्स (जादा पॅकेजेसचे साठे) आणि व्हर्जन अशा तीन डॉट-बिल्डइन्फो फाइली पडतात, आणि इमेजमध्ये शेवटी काय काय गेलं त्याची डॉट-मॅनिफेस्ट फाइल. या चारही फाइली त्याच बिल्डच्या घ्या. मॅनिफेस्ट समोर ठेवा आणि डीएल फोल्डरमधले (उतरवलेल्या सोर्सचं) त्या यादीतले टारबॉल, म्हणजे सोर्सची गाठोडी, उचला. सगळं डीएल फोल्डर दिलं तरी चालतं, फक्त उगाच जड होतं. त्यात तुमचं पूर्ण गिट झाड, स्वतःचे पॅच, टार्गेटची डीटीएस, आणि एक पानभर सूचना: कोणतं उबुंटू, कोणती पॅकेजेस, कोणती कमांड.

इथं माणसं कुठं अडकतात ते लिहितो, कारण हेच नेमकं नंतर महागात पडतं.

फीड्स-कॉन्फ या फाइलीत कमिटचा हॅश (नेमक्या आवृत्तीचा ठसा) न देता नुसतं ब्रँचचं नाव लिहिलेलं असतं. सहा महिन्यांनी तीच कमांड दिली की दुसराच सोर्स येतो.

कोणीतरी घाईत बिल्ड-डिर मध्ये (बिल्डपुरतं तात्पुरतं फोल्डर) जाऊन थेट फाइल बदलतं. इमेज बनते, डबीत जाते, गावाला पोचते. मग कुणीतरी मेक क्लीन मारतं, ते फोल्डर पुसलं जातं आणि तो बदल जगात फक्त फ्लॅशवर उरतो. बदल नेहमी क्विल्टनं (पॅच सांभाळणारं साधन) पॅच करून पॅचेस फोल्डरमध्येच ठेवा.

बदललेल्या फाइलीत "आम्ही बदललं, अमुक तारखेला" ही नोंद परवाना वेगळी मागतो. पॅचच्या वर नाव आणि तारीख असते, पण फाइलीच्या माथ्यावरही एक ओळ टाका, म्हणजे वाद नाही.

गाठोडं तयार झालं की दुसऱ्या कोऱ्या मशीनवर उघडा, नेटची केबल काढा आणि बिल्ड करा. जे पॅकेज नेट मागेल ते तुमच्या गाठोड्यात नाही.

बूटलोडर. तुमच्या बोर्डवर सिरीयलला बहुधा "यू-बूट १.१.३" असं दिसत असेल. यू-बूटही जीपीएल आहे, आणि डबी तुम्ही विकता म्हणून त्याचाही सोर्स तुम्हीच द्यायचा, बोर्डवाल्यानं तुम्हाला दिला असो वा नसो. बोर्डवाल्याला आजच लिहा, आणि पुढच्या ऑर्डरमध्ये "यू-बूट सोर्ससह" ही ओळ टाकल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. तो दाद देत नसेल तर मूळ यू-बूटमध्ये एमटी७६२८ ला आधार आहे, तो बांधून घ्या. फक्त फ्लॅश करताना जपून. या बोर्डांवर नेहमीची मांडणी अशी असते: पहिले १९२ केबी यू-बूट, मग ६४ केबी एन्व्हायर्नमेंट, मग ६४ केबी फॅक्टरी. त्या फॅक्टरीत वायफायचं कॅलिब्रेशन आणि मॅक ॲड्रेस असतो. अख्खी चिप पुसलीत तर तो परत कुठून आणणार? आधी सीएच३४१ए प्रोग्रामर आणि आठ पायांची क्लिप लावून पूर्ण १६ एमबी वाचून ठेवा, दोनदा वाचा, दोन्ही फाइली जुळतात का बघा, मगच लिहा.

मांजरा_सी

वरचं सगळं बरोबर. मी तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामचं बोलतो, कारण मालकांचा जीव तिथंच अडकलेला असणार.

कर्नलवर चालणारा वेगळा प्रोग्राम म्हणून तो जीपीएल होत नाही. कर्नलच्या परवान्यासोबत जी टीप आहे तीच सांगते की सिस्टिम कॉलमधून कर्नल वापरणारा प्रोग्राम त्याचा भाग धरायचा नाही. ओपनडब्ल्यूआरटीची सी लायब्ररी मसल आहे, ती एमआयटी परवान्याची. तिच्याकडून त्रास नाही, श्रेयाची ओळ ठेवा. एकाच फ्लॅशवर शेजारी बसला म्हणूनही जीपीएल चिकटत नाही.

चिकटतंय ते रीडलाइनमुळे. रीडलाइन जीपीएल आवृत्ती ३ आहे, एलजीपीएल (लायब्ररींसाठीचा सैल परवाना) नाही. ती जोडून विकलेला प्रोग्राम जीपीएलखाली द्यावा लागतो, म्हणजे मोटार कधी चालू-बंद करायची हा तुमचा सगळा हिशेब सोर्ससकट. आणि हे सगळं कशासाठी, तर डीबग कन्सोलवर वरचा बाण दाबल्यावर मागची कमांड यावी म्हणून! लाइननॉइझ घ्या (बीएसडी, एक सी फाइल आणि एक हेडर) किंवा लिबएडिट. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण लक्षात घ्या, पुढच्या डब्या सुटतात. आधी गेलेल्या डब्यांचा प्रश्न त्यानं मिटत नाही, तिथं वकिलाला विचारा.

लिबमॉडबस एलजीपीएल २.१ आहे. स्टॅटिक जोडायला बंदी नाही, पण मग गिऱ्हाइकाला ती लायब्ररी बदलून तुमचा प्रोग्राम पुन्हा जोडता यायला हवा, म्हणजे तुमच्या ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात. शिवाय तुमच्या अटींत त्या बदलापुरतं रिव्हर्स इंजिनिअरिंग करायची मुभा असावी लागते. ऑब्जेक्ट फाइलींच्या भानगडीत कशाला पडता? डायनॅमिक जोडा, म्हणजे लायब्ररी वेगळी फाइल म्हणून राहते. १६ एमबीत ती लायब्ररी कुठल्या कुठं बसते.

काय काय जोडलंय ते तपासायला रीडएल्फ या कमांडला डॅश डी देऊन "नीडेड" च्या ओळी बघा. स्टॅटिक जोडलेलं मात्र तिथं दिसत नाही. लिंकरकडून मॅप फाइल काढा, तिच्यात कोणकोणत्या डॉट-ए फाइलीतून काय आलं ते लिहिलेलं असतं.

जीपीआयओच्या त्या दोन-चार ओळी कर्नलमधल्या आहेत, त्या द्याव्याच लागतात, आणि त्यांत लपवण्यासारखं काही नाही. रिलेसाठी बंद मॉड्यूल लिहायचा विचार मनात असेल तर सोडा. पिना हलवणारी जीपीआयओडीची फंक्शनं कर्नल फक्त जीपीएल म्हणवणाऱ्या मॉड्यूललाच वापरू देतो. लिबजीपीआयओडी ही लायब्ररी घेऊन यूजरस्पेसमधून, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्राममधून, रिले हलवा.

वॉरंटी कार्डही काढून वाचा. "आतील कोणतेही सॉफ्टवेअर कॉपी करता येणार नाही" असं वाक्य छापलेलं असतं बहुतेकांच्या कार्डावर. जीपीएलच्या भागावर जादा बंधन घालता येत नाही. "तृतीय पक्षांच्या मुक्त परवान्यांखालील भाग वगळून" एवढं घाला.

वाळूज_बोर्ड

मॅप फाइल काढली. रीडलाइन तर होतीच, तिच्यामागं एनकर्सेसही आलेली. लाइननॉइझ घातलं, प्रोग्राम बांधला गेला.

दोन शंका. एक, आम्ही प्रत्येक डबीला रूटचा पासवर्ड घालून ठेवतो. दोन, मालक म्हणायलेत, सोर्स दिला की समोरच्या शेडवाला उद्या हीच डबी काढील.

गोदाकाठ_कर्नल

समोरच्या शेडवाल्याला ओपनडब्ल्यूआरटी आजही फुकट मिळतं. तुमच्याकडून त्याला जास्तीची मिळेल ती डीटीएस आणि दोन-चार ओळी. तुमचा धंदा त्यावर उभा नाही, सर्व्हिसवर उभा आहे.

पासवर्डचं असं. आवृत्ती २ मध्ये किल्ली द्याच असं सरळ लिहिलेलं नाही, बसवायच्या स्क्रिप्टा द्या एवढं आहे. आवृत्ती ३ (२००७) मध्ये मात्र घरगुती वापराच्या वस्तूत ते सॉफ्टवेअर असेल तर बदललेली प्रत बसवायची माहिती, लागेल त्या किल्लीसकट, द्यावी लागते. विहिरीवरची डबी घरगुती की धंद्याची हा वाद घालता येईल, पण शंका असेल तिथं ती घरगुतीच धरायची असं परवान्यातच लिहिलंय. आणि तुम्ही बॅश आणि नॅनो टाकून बसलात, दोन्ही आवृत्ती ३. काढून टाका. बिझीबॉक्सचा ॲश आणि व्हीआय पुरे आहेत. जीएनयू वगेट आणि कोअरयुटिल्स यांचंही तेच. मॅनिफेस्टमध्ये दिसतात का बघा.

तरीही माझं मत, पासवर्ड मागणाऱ्याला द्या. प्रत्येक डबीला वेगळा असेल तर बिघडत काही नाही. सगळ्यांना एकच असेल तर परवान्याआधी तोच बदला.

मोटार जळण्याचं: बदललेल्या फर्मवेअरवर वॉरंटी नाकारायला जीपीएलची आडकाठी नाही, तसं कार्डावर लिहा. पण थर्मल ओव्हरलोड रिले कॉन्टॅक्टरच्या मालिकेत तारांनीच असू द्या. सॉफ्टवेअर कोणाचंही असो, ओव्हरलोड झाला की कॉइलची लाइट तुटलीच पाहिजे. फक्त तुमच्या कोडवर विसंबलेलं संरक्षण आत्ताही धोक्याचंच आहे.

पूर्णाकाठी

ग्राफाना आणि फॉन्ट राहिले.

ग्राफाना २०२१ पासून एजीपीएल आवृत्ती ३ आहे. जीपीएलमध्ये सर्व्हरवर बदलून स्वतः चालवलं तर कोणाला काही द्यावं लागत नाही, कारण प्रत हातातून जात नाही. एजीपीएलच्या १३ व्या कलमानं ती फट बुजवली: बदललेली प्रत नेटवरून लोक वापरत असतील तर त्या सगळ्यांना ठळकपणे सोर्स देऊ करा. तुम्ही कोडमध्ये लेबलं बदललीत म्हणजे बदललेली प्रत झाली. एक तर पानाच्या तळाशी "सोर्स" म्हणून दुवा द्या आणि तिथं तुमचा फोर्क जशास तसा ठेवा. नाहीतर मूळ ग्राफाना न बदलता वापरा. डॅशबोर्डची जेसन फाइल आणि पॅनेलची मराठी नावं ही तुमची मांडणी आहे, कोडमधला बदल नाही. मी दुसरं करीन. दर सुरक्षा-अपडेटला आपले बदल पुन्हा बसवत बसायचं कोण? लोगोचा मामला ट्रेडमार्कचा, तो परवान्याबाहेरचा आहे.

फॉन्ट. बहुतेक मुक्त देवनागरी फॉन्ट ओएफएल १.१ (फॉन्टसाठीचा मुक्त परवाना) खाली असतात. उपकरणात घालून विकता येतात, फक्त फॉन्ट सुटा विकता येत नाही. कॉपीराइटची ओळ आणि परवाना सोबत हवा. गोम पुढं आहे: फ्लॅश वाचवायला तुम्ही फॉन्टमधली लागणारी अक्षरंच ठेवली असतील तर तो बदललेला फॉन्ट. परवान्याच्या फाइलीत वरच "रिझर्व्ड फॉन्ट नेम" लिहिलेलं असेल तर तुमच्या कातरलेल्या फाइलीचं आतलं नाव बदलावं लागतं. फाइलीचं नाव बदलून उपयोग नाही, नेम टेबलमधलं बदला.

आणि कातरताना नुसते युनिकोड अक्षरांचे आकडे देऊ नका. जोडाक्षरांचे ग्लिफ जीसब टेबलातून येतात. ते टेबल गळालं की स्क्रीनवर "पऱ्हाटी"चा ऱ्ह फुटतो, आणि शेतकऱ्याला दिसतं भलतंच. फॉन्टटूल्सच्या पायएफटीसबसेटला लेआउट-फीचर्स सगळे ठेवायला सांगा.

मांजरा_सी

त्या औशाच्या पोराला उत्तर लवकर द्या. जीपीएल २ च्या चौथ्या कलमात परवाना मोडला की हक्क आपोआप संपतो, मुदत वगैरे काही नाही. पहिल्यांदा चुकलेल्याला कळवल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केलं तर हक्क परत, ही सवलत आवृत्ती ३ मधली. कर्नलच्या बऱ्याच लेखकांनी २०१७ मध्ये आपल्या कोडपुरती ती सवलत देतो असं जाहीर केलंय, बिझीबॉक्सवाल्यांचं ते बंधन नाही. आणि आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीतच मोडतो, तेव्हा परवाना गेला की उरतं ते सरळ उल्लंघन.

उत्तर तीन ओळींचं: तुमचा ईमेल मिळाला, तुमच्या डबीत फर्मवेअर अमुक आवृत्ती आहे, तिचा सोर्स अमुक तारखेपर्यंत पाठवतो. "का पाहिजे" हे विचारू नका, तो सांगायला बांधील नाही. आधी गेलेल्या डब्यांना कागद नव्हता, तर पुढच्या सर्व्हिस भेटीला द्या आणि निरोपाच्या त्याच एसएमएसवरून पत्ता कळवा. तीन वर्षं मोजायची ती त्या आवृत्तीची शेवटची डबी गेली त्या दिवसापासून, म्हणून प्रत्येक आवृत्तीचं गाठोडं वेगळं जपा.

अजून एक. सी चा प्रोग्राम पगारी माणसानं लिहिलाय की बाहेरून करून घेतलाय? बाहेरच्यानं लिहिलेल्या कोडचा मालक, लेखी करार नसेल तर, साधारणपणे तोच राहतो. तुम्ही त्याचा परवाना ठरवायच्या आधी तो कागद करून घ्या.

वाळूज_बोर्ड

प्रोग्राम आमच्यातल्याच एकाचा आहे, भागीदारीच्या कागदात घालून घेतो.

गाठोडं कोऱ्या लॅपटॉपवर नेट काढून बांधलं. दोन पॅकेजेस अडली, दोन्हींच्या मेकफाइलीत हॅशच्या जागी ब्रँच होती. ती दुरुस्त केली, पूर्ण इमेज तयार झाली. पण तिचा शा-२५६ (फाइलीचा ठसा) डबीतल्या इमेजशी जुळत नाही. आता हे गाठोडं खोटं ठरतं का?

गोदाकाठ_कर्नल

बिट-न्-बिट जुळायची अट परवान्यात नाही. पण फरक कशाचा आहे ते शोधा, नाहीतर एखादा पॅच सुटलाय हे कळणार नाही. दोन्ही इमेजमधला स्क्वॅशएफएस (दाबून भरलेली फाइल सिस्टिम) अनस्क्वॅशएफएसनं उलगडा आणि दोन फोल्डरांवर डिफ लावा.

माझा अंदाज, फरक ईटीसीमधल्या ओपीकेजीच्या (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) कीज फोल्डरात निघेल. ओपीकेजी वापरणाऱ्या आवृत्त्यांत ओपनडब्ल्यूआरटी प्रत्येक नव्या झाडात पॅकेजवर सही करायला स्वतःची की-बिल्ड जोडी बनवतं आणि तिची सार्वजनिक किल्ली इमेजमध्ये घालतं. कोऱ्या लॅपटॉपवर नवी जोडी बनली, म्हणून इमेज वेगळी.

आणि त्या झाडाच्या मुळाशीच की-बिल्ड नावाची फाइल आहे, ती तुमची खाजगी किल्ली. गाठोडं टार करताना ती वगळा. फाइल्स फोल्डरात एमक्यूटीटीची (सर्व्हरला निरोप पाठवायची पद्धत) सर्टिफिकेटं आणि सिमचे पासवर्ड पडलेले असतील तर तेही काढा, जागेवर नमुना फाइल ठेवा. पेन ड्राइव्ह औशाला पाठवण्याआधी टारची यादी एकदा डोळ्यांखालून घाला.